दहा मिनिटांनी बस

मुंबईची बससेवा चालवणाऱ्या ‘बेस्ट’चा अर्थसंकल्प सादर झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा मथळा ठरलेला असतो: तूट अमुक कोटींची. पुण्यात तिथली बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलच्या वाट्यालाही हेच येते. मग तोटा घटवण्याचे उपाय निघतात, आणि ते फिरून तेच असतात. भाडे वाढवा, ‘तोट्यातले’ मार्ग बंद करा, आगाराची जागा विकसकाला द्या. बेस्ट समितीवर किंवा पीएमपीएमएलच्या संचालक मंडळावर बसणाऱ्याने तुटीची काळजी करू नये असे कोण म्हणेल? पण ही तूट ज्या एका गोष्टीतून वाढते किंवा आटोक्यात राहते, ती म्हणजे थांब्यावर उभ्या माणसाला पुढची बस किती मिनिटांनी मिळते. दहा मिनिटांनी बस येणार असेल तर वेळापत्रक पाहायची गरज पडत नाही. अर्ध्या तासाने, आणि तीही आली तर, अशी अवस्था असेल तर माणूस शेअर रिक्षात बसतो आणि पुढच्या दिवाळीला हप्त्यावर दुचाकी घेतो. एकदा दुचाकी घरात आली की तो प्रवासी परत आणणे फार कठीण.

मुंबईने याचा अर्धा प्रयोग करून पाहिला आहे. जुलै 2019 मध्ये बेस्टने साध्या बसचे किमान भाडे 8 रुपयांवरून 5 रुपयांवर आणले. प्रवासी परतले, गाड्या भरल्या. मात्र त्याच काळात ताफा वाढायला हवा होता, तो आटला. एके काळी चार हजारांहून अधिक बस चालवणाऱ्या या उपक्रमाने स्वमालकीच्या 3,337 बस राखण्याचे 2019 मध्ये कामगार संघटनेशी ठरवले होते. प्रत्यक्षात स्वतःच्या बस काही शेकड्यांवर आल्या. उरलेला भार भाडेतत्त्वावरील गाड्यांवर गेला, आणि त्यातल्या काही कंत्राटदारांनी परवडत नाही म्हणून मध्येच अंग काढून घेतले. मे 2025 मध्ये किमान भाडे एकदम दुप्पट झाले: साधी बस 10 रुपये, वातानुकूलित 12. म्हणजे स्वस्त भाड्याने प्रवासी आणायचा, त्याच्यासाठी गाडी ठेवायची नाही, आणि तूट वाढली की त्याच्याच खिशात हात घालायचा. या प्रयोगातून स्वस्त भाडे फसले असा निष्कर्ष काढणारे घाई करतात. गाड्यांविना स्वस्त भाडे फसले, एवढेच त्यातून सिद्ध होते.

आता गाड्यांचे गणित पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. समजा, एका मार्गावर जाऊन-येऊन एक तास लागतो. तिथे सहा गाड्या सोडल्या तर दर दहा मिनिटांनी बस मिळते. वाहतूक कोंडीने तोच फेरा दीड तासावर गेला, तर त्याच सहा गाड्या पंधरा मिनिटांवर जातात. दहा मिनिटे टिकवायची तर नऊ गाड्या आणि त्या प्रमाणात चालक-वाहक हवेत. म्हणजे खर्च दीडपट, प्रवासी तेवढेच. ही तूट व्यवस्थापनाच्या ढिलाईतून आलेली नाही, ती रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या मोटारींतून आली आहे. आणि रस्ता बस उपक्रमाच्या ताब्यात नसतो; तो महापालिकेच्या, वाहतूक पोलिसांच्या ताब्यात असतो. पुण्याने 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू केली, ती या दुखण्यावरचे औषध म्हणूनच. अंमलबजावणीत ती किती लंगडली हे पुणेकरांना सांगायला नको. तरी नगर रस्त्यावरची बीआरटी उखडताना बसचा वाया जाणारा वेळ कोणाच्या खाती मांडला, हा प्रश्न उरतोच.

जो बसने जात नाही त्याने बससाठी कर का भरावा, हा आक्षेप हमखास येतो. मुंबईचा सागरी किनारा रस्ता सुमारे 14 हजार कोटी रुपयांना पडला आणि त्यावर टोल नाही. त्याचा वार्षिक ताळेबंद कोणी मागितला नाही, नफ्याची अट घातली नाही. रस्ता ही सेवा आणि बस हा धंदा, असा भेद करायला काही आधार नाही. उलट चाळीस माणसांची एक बस कितीतरी वाहने रस्त्यावरून कमी करते, त्याचा लाभ मोटारवाल्यालाच होतो. बेस्टची बस वर्षानुवर्षे त्याच उपक्रमाच्या शहर भागातल्या वीजपुरवठ्याच्या नफ्यावर तरली. 2003 च्या वीज कायद्यानंतर तो आधार टप्प्याटप्प्याने गेला आणि त्याच्या जागी नियमाने बांधलेले काहीच आले नाही. पालिका मदत देते, पण दरवर्षी मिनतवाऱ्या करून, कधी कर्ज म्हणून. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका तूट 60 आणि 40 टक्के अशी वाटून घेतात. ही रचना तुलनेने बरी, तरी त्यातही पैसा तूट झाल्यावर येतो. सेवा किती द्यायची हे आधी ठरवून त्याची किंमत आधी बाजूला काढली जात नाही. पार्किंगचे शुल्क हा त्यासाठी सर्वांत न्याय्य स्रोत ठरला असता. पुण्याने 2018 मध्ये पार्किंग धोरण मंजूर करताना ते पाच रस्त्यांपुरते आखडले, आणि तेवढेही रेटण्याचे धाडस पुढे झाले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. अशा मंडळांवर नगरसेवक बसले की प्रत्येकाला आपल्या प्रभागात बस हवी असते. मग गाड्या चोहीकडे विखुरतात आणि कुठेच धड मिळत नाहीत. हे खरे आहे. पण लोकप्रतिनिधी हटवणे हा त्यावरचा तोडगा नाही. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, बेस्ट समितीही राहिली नाही. त्या काळात प्रभागांची ओढाताण थांबली असेल, पण ताफा घटत असताना जाहीर सभेत जाब विचारणारेही कोणी उरले नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या वाहतूक मंडळाने 2015 मध्ये वेगळी वाट धरली. साधनसामग्रीचा सुमारे 80 टक्के वाटा जिथे प्रवासी जास्त तिथल्या वारंवार धावणाऱ्या बसला आणि उरलेला तुरळक वस्तीतल्या सोयीला, असे प्रमाण मंडळाने आधी उघडपणे ठरवले आणि मगच मार्गांचा नकाशा नव्याने आखला. प्रभागाची बस मागणाऱ्याला मग ती दुसऱ्या वाट्यातून, कोणाची तरी फेरी कमी करून मागावी लागते. आणि हा वाटा टाकून देण्याजोगा नाही. रात्रपाळीहून परतणारी परिचारिका, टेकडीवरच्या वस्तीतला विद्यार्थी यांची बस तिकिटात कधीच भरून निघणार नाही. ती सामाजिक सोय म्हणून चालवावी आणि तिला ‘तोट्यातला मार्ग’ हे नाव देणे थांबवावे.

मेट्रो आली, आता बसचे महत्त्व ओसरेल, असेही ऐकू येते. मेट्रोच्या स्थानकापासून घरापर्यंतचे दोन किलोमीटर मेट्रो नेत नाही, आणि तेवढ्यासाठी रिक्षाला मेट्रोच्या तिकिटापेक्षा जास्त पैसे मोजावे लागले तर माणूस दुचाकीवरूनच कामावर जातो. तेव्हा बेस्ट समिती असो वा पीएमपीएमएलचे मंडळ, तुटीवर बोलण्याआधी एक ठराव व्हायला हवा: कोणत्या वीस-पंचवीस मार्गांवर सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत दर दहा मिनिटांनी बस धावेल, त्यासाठी किती गाड्या लागतील, पालिका त्यांचे पैसे कोणत्या शुल्कातून देईल आणि त्यातल्या कोणत्या रस्त्यांवर पार्किंग बंद होईल. शेवटची बाब मतदानाला आली की सभागृहात गोंधळ होईल, आणि तो गोंधळ इतिवृत्तात नोंदला जावा.