रंग थंड की उबदार? आधी माजघरात बसा!

गणपती जवळ आले की रत्नागिरीत घरोघरी एकच चर्चा, रंग कोणता द्यायचा? आमच्याकडे वाद झाला. मी म्हटलं, "आकाशी देऊ, उकाड्यात थंड वाटेल." आई म्हणाली, "पिवळाच."

मित्रहो, आपण होणारे इंजिनिअर, म्हणून मला वाटलं मीच बरोबर. पण निळा रंग थंड असतो तो डोळ्यांना. त्याने खोलीतला पारा उतरत नाही. ऊन अडवणं छपराचं काम. आतल्या रंगाचं काम उजेड परतवणं, आणि त्यासाठी रंग फिका हवा. आमचं घर जांभ्याचं, छप्पर खाली उतरलेलं, भोवती माड-पोफळी. त्यात जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं. त्या करड्या उजेडात आकाशी भिंत उदास दिसते. जुनी माणसं चुन्यात पिवडी कालवायची, ती उगाच नाही!

माझं मत एवढंच: पश्चिमेच्या उन्हातल्या खोलीला आकाशी खुशाल द्या, माजघराला फिका पिवळाच. तिथे आजी तांदूळ निवडते, तिला खडा दिसला पाहिजे. शेड कार्ड दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघू नका. घरी आणा, पावसाळी दुपारी भिंतीला लावा आणि आजीला विचारा.