एमबीए सीईटीचा अभ्यास करताय? मग झोपेला कात्री लावू नका



दिवाळी झाली की कॅट परीक्षा येते आणि ऊन तापू लागलं की राज्याची एमएएच-एमबीए सीईटी. या चार-पाच महिन्यांत माकणी, सास्तूर, लोहारा भागातली पदवी झालेली मुलं-मुली एकसारख्या तक्रारी घेऊन येतात. डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, पित्त वाढलंय, वाचलेलं लक्षात राहत नाही. "किती तास झोपता?" असं विचारलं की उत्तर येतं, "चार-साडेचार." सोबत आलेले वडील कौतुकाने सांगतात, "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पुस्तक सोडत नाही बघा."

माझं मत स्पष्टच सांगतो. इतर कुठल्या परीक्षेत जागरण एक वेळ खपून जाईल, पण एमबीएच्या प्रवेश परीक्षेत जागरण म्हणजे स्वतःचेच गुण स्वतः कापणं आहे. का, ते समजून घेऊ.

ही परीक्षा काय मागते?

सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटं असतात. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. त्यात तर्कशक्तीचे ७५ प्रश्न, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. यात पाठ करून लिहिण्यासारखं फारसं काही नाही. वाचायचं, समजून घ्यायचं, निर्णय घ्यायचा आणि पुढे जायचं. कॅटमध्ये ४० मिनिटांचे तीन विभाग असतात. बरोबर उत्तराला ३ गुण आणि पर्यायी प्रश्न चुकला तर १ गुण वजा. म्हणजे येत असलेला प्रश्न केवळ घाईत चुकला, तर फटका ४ गुणांचा.

थोडक्यात, ही परीक्षा वेग, एकाग्रता आणि ताबा यांची आहे. झोप कमी झाली की मेंदू सर्वात आधी याच तीन गोष्टी गमावतो.

जागलेला मेंदू आणि प्यालेला मेंदू

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक तुलना केली होती. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसांची कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसांइतकी घसरलेली आढळली. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याने चालणारी मर्यादा ०.०३ टक्के आहे. आता हिशेब करा. सकाळी सहाला उठलेल्या मुलाचे १७ तास रात्री अकराला भरतात. त्यानंतर दोनपर्यंत तो जी गणितं सोडवतो, ती कुठल्या अवस्थेत सोडवतो? अशा माणसाच्या हातात आपण मोटारसायकलची किल्ली देणार नाही, पण पुस्तक मात्र कौतुकाने देतो.

दुसरी गोष्ट स्मरणाची. दिवसभर शिकलेलं मेंदूत आधी तात्पुरतं साठतं. ते पक्कं करून योग्य जागी लावण्याचं काम बरंचसं झोपेत होतं. माकणीच्या लोकांना हे समजावणं सोपं आहे. पाऊस कितीही पडला, तरी तेरणेवर धरण नसतं तर ते पाणी वाहूनच गेलं असतं. अभ्यास हा पाऊस आणि झोप हे धरण. नुसता पाऊस मोजून उन्हाळा निघत नाही.

चहा, डबे आणि गोळ्या

दिवसभराच्या जागेपणी मेंदूत थकव्याची सूचना देणारं एक रसायन साठत जातं. चहा-कॉफीतलं कॅफिन ती सूचना दाबून ठेवतं. थकवा मात्र तिथेच राहतो. शिवाय कॅफिन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या कडक कॉफीचा निम्मा अंमल दोन वाजताही असतो. मग पडून राहिलं तरी गाढ झोप लागत नाही. दुपारी तीननंतर चहा-कॉफी टाळा. एनर्जी ड्रिंकचे डबे तर नकोच. त्यात कॅफिनसोबत साखरही भरपूर असते.

मित्राने दिलेल्या झोप उडवणाऱ्या किंवा "धडधड थांबवणाऱ्या" गोळ्या डॉक्टरांना न विचारता अजिबात घेऊ नका. धडधड कमी करणाऱ्या काही गोळ्या दम्याच्या रुग्णाला जिवावर बेतू शकतात.

"पण डॉक्टर, रात्रीशिवाय वेळच कुठला?"

हा प्रश्न खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. दिवसा शेत असतं, दुकान असतं, उमरग्याची किंवा लोहाऱ्याची नोकरी असते. शहरातल्या क्लासच्या मुलाला मिळणारा दिवस तुम्हाला मिळत नाही. पण म्हणूनच तुमचे दोन-तीन तास जास्त मोलाचे आहेत. ते पेंगत घालवणं तुम्हाला परवडणारं नाही.

रात्री दहाला झोपून पहाटे पाचला उठा. सात तास झोप होते आणि सातपर्यंत ताज्या डोक्याने दोन तास मिळतात. संध्याकाळी जमेल तसा तासभर ठेवा. तेवढ्यात सगळं बसत नसेल तर प्रश्नसंचांची संख्या कमी करा, झोप नको. एक सराव परीक्षा देऊन तिच्यातल्या चुका नीट तपासणं हे पेंगत दिलेल्या तीन परीक्षांपेक्षा चांगलं. आणि प्रामाणिकपणे बघा, रात्रीच्या जागरणात अभ्यास किती आणि मोबाइल किती?

मुलींच्या घरच्यांसाठी खास

मुलींचं गणित आणखी अवघड असतं. स्वयंपाक, भांडी, पाणी हे सगळं आवरून त्या दहाला पुस्तक उघडतात आणि पहाटे पुन्हा चुलीपाशी असतात. आपल्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यामुळे "अभ्यासाला बसलं की गळून जायला होतं" या तक्रारीमागे आळस नसतो, बऱ्याचदा कमी हिमोग्लोबिन असतं. ते १२ च्या खाली असेल तर उपचार हवेत. तपासणी साधी आणि स्वस्त आहे. फॉर्मची फी भरलीत, तसं परीक्षा होईपर्यंत तिचं एका वेळचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचला, मग तो भाऊ असो की वडील.

शेवटचे पंधरा दिवस

प्रवेशपत्रावर सत्राची वेळ आली की सराव परीक्षा त्याच वेळेला द्या. दुपारच्या सत्रात जेवणानंतर येणारी सुस्ती आधीच ओळखीची झालेली बरी. केंद्र लातूरला येवो की सोलापूरला, सकाळचं सत्र असेल आणि सोय असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा. उन्हातून एसटीने जाताना पाणी पीत राहा. नेहमीचंच जेवा, बाहेरचं नवीन काही नको.

परीक्षेच्या आदल्या रात्री झोप नाही लागली तर घाबरू नका. आधीचे पंधरा दिवस नीट झोपला असाल, तर एका रात्रीने फार बिघडत नाही.

केव्हा मदत घ्यावी?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप येत नसेल, भूक गेली असेल, सतत रडू येत असेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. घरच्यांना सांगा. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

पालकांनो, एवढंच मागणं आहे. उद्यापासून "किती वाजेपर्यंत अभ्यास केला?" असं विचारण्याऐवजी "किती तास झोपलास?" असं विचारा. आणि रात्री दहाला घरातला टीव्ही आधी तुम्ही बंद करा.