शिडाची नौका आणि वैनगंगेचा डोंगा

मराठी मध्यमवर्गाच्या, विशेषतः त्याच्या परदेशी स्थायिक झालेल्या शाखेच्या, सुखस्वप्नांत अलीकडे एका नव्या स्वप्नाची भर पडली आहे. चार-सहा मित्रांनी मिळून शिडाची नौका भाड्याने घ्यावी आणि कॅरिबियन समुद्रात आठ-दहा दिवस या बेटावरून त्या बेटावर भटकावे, असे ते स्वप्न आहे. भूगोल या चैनीला मोठा अनुकूल आहे. ईशान्येचे व्यापारी वारे तेथे हिवाळाभर सातत्याने वाहतात आणि सेंट व्हिन्सेंटपासून ग्रेनाडापर्यंत पसरलेली लहान बेटे एकमेकांच्या इतकी लगत आहेत की, एक मागे पडते न पडते तोच पुढचे नजरेत येते. मित्रांच्या संगतीत वाऱ्यावर हाकारलेल्या नौकेचा आनंद खोटा आहे, असे कोणीही म्हणणार नाही. आठ तासांच्या दिवसासाठी आणि भरपगारी रजेसाठी ज्या चळवळीने लढे दिले, तिने तरी विश्रांतीच्या नावाने नाक मुरडू नये.

परंतु हेच वारे गुलामांची जहाजेही घेऊन गेले. साखरेच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसे ओढून नेली गेली. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली. पण ती मळेवाल्यांना. ज्यांच्या पाठीवर वळ होते त्यांना एक छदामही मिळाला नाही. मुक्त झालेले मजूर मळेवाल्यांच्या अटींवर राबेनात, तेव्हा १८४५ साली 'फतेह रझाक' हे जहाज हिंदुस्थानातील करारबद्ध मजुरांना घेऊन त्रिनिदादच्या किनाऱ्याला लागले. एकाच पाण्यावरून कोण मौजेने जातो आणि कोण मजुरीसाठी जातो, हा प्रश्न त्या समुद्राच्या इतिहासात असा कोरलेला आहे. तो पाहण्यासाठी मात्र कॅरिबियनपर्यंत जाण्याचे कारण नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहणाऱ्या वैनगंगेच्या काठी तो वर्तमानकाळात उभा आहे.

जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथील मजूर स्त्रिया सकाळी नावेत बसून निघाल्या. पैलतीरावर, चंद्रपूर जिल्ह्यात, मिरची तोडण्याचे काम होते. नाव मध्येच उलटली आणि सहा जणी बुडाल्या. त्याही एकमेकींच्या मैत्रिणी, शेजारणी, जावा-नणंदाच असणार. एका गावच्या बायका एकत्रच मजुरीला जातात. त्यांच्या प्रवासाला कोणत्याही पुरवणीत सहल म्हटले जाणार नाही. बातमी दोन-चार दिवस चालली आणि मग पाण्याबरोबर वाहून गेली.

अशा वेळी शहाणी माणसे हमखास एक प्रश्न विचारतात: एवढा धोका होता तर त्या बसल्या कशाला? या प्रश्नातला निर्दयपणा बाजूला ठेवला, तरी त्यातले अज्ञान ठेवता येत नाही. पुलावरून फिरून जायचे तर वळशाचे भाडे पडते आणि ते त्या दिवसाच्या मजुरीतूनच जाते. मिरची तोडण्याची मजुरी बहुधा वजनावर असते. जी उशिरा पोहोचते तिचे वजन कमी भरते. तेव्हा डोंग्यात बसणे हा बेफिकीरपणा नव्हे, ते साधे अर्थशास्त्र आहे. पोटाचा हिशेब पदवीशिवायही येतो.

खरा प्रश्न वेगळाच आहे. त्यांना नदी ओलांडावी लागली का? महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला. पुढे २००५ साली देशाने केलेल्या कायद्याला याच राज्याचा अनुभव पायाभूत ठरला. त्या केंद्रीय कायद्यात शक्यतो गावापासून पाच किलोमीटरच्या आत काम देण्याची तरतूद होती. २०२३-२४ साली महाराष्ट्रात या योजनेची दिवसाची मजुरी २७३ रुपये होती. भाताची कापणी-मळणी आटोपून शेतातले काम ओसरते त्या जानेवारीत, हमीच्या मायभूमीत, बायका कामासाठी नदीपार जात होत्या, ही वस्तुस्थिती हमीविषयी जे सांगते ते कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्ट आहे. याच दोन जिल्ह्यांतील हजारो मजूर दरसाल मिरचीसाठी तेलंगणात जातात. त्यांच्या वाटेवर वैनगंगेऐवजी प्राणहिता आणि गोदावरी आहेत, एवढाच फरक.

दक्षिणेकडे भामरागडला जावे तर शासनानेच बेटे मान्य केलेली दिसतात. तेथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांचा संगम आहे. वर्षानुवर्षे पर्लकोटेचा ठेंगणा पूल पावसाळ्यात बुडत आला आणि पलीकडच्या शंभराहून अधिक गावांचा संपर्क तुटत आला. अशा गावांसाठी पावसाळ्यापूर्वीच काही महिन्यांचे धान्य पोहोचवून ठेवण्याची पद्धत आहे आणि दिवस भरत आलेल्या बाईला आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवण्याची योजना आहे. योजना वाईट नाहीत. त्यांनी जीव वाचविले आहेत. परंतु दरसाल धान्य भरून ठेवावे लागते म्हणजे दरसाल तुटणे गृहीत धरलेले आहे. कॅरिबियनमध्ये बेट ही निसर्गाची करणी आहे. भामरागडमध्ये ती अंदाजपत्रकाचीही आहे.

पूल का होत नाहीत, याचे एक तांत्रिक उत्तर दिले जाते आणि त्याच्याकडे कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहिले पाहिजे. पुलाचे समर्थन रहदारीच्या मोजणीवर होते आणि रहदारी मोजली जाते ती वाहनांची. ज्या घाटावर पूल नाही तेथे वाहन येणार कोठून? म्हणजे पूल नाही म्हणून रहदारी नाही आणि रहदारी नाही म्हणून पूल नाही. विळा आणि भाकरीचे गाठोडे घेऊन पहाटे डोंग्यात बसणारी बाई या गणितात शून्य धरली जाते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातही तिची फेरी जवळजवळ अदृश्यच. ढिवराने पैसे घेतले तरी ते किती, आणि त्यांची नोंद कोण ठेवतो?

याउलट ज्या गोष्टींना बाजारभाव आहे त्यांना वाट सापडते. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचे लोहखनिज हेडरीहून कोनसरीला नेण्यासाठी सुमारे ८५ किलोमीटर लांबीची नळवाहिनी टाकण्यात आली आणि २०२५ साली तिचे उद्घाटन झाले. कोनसरी चामोर्शी तालुक्यातच आहे, गणपूरच्याच तालुक्यात. खनिज पाण्यात मिसळून सुखरूप येते. माणसे पाण्यात पडतात. खासगी भांडवलाने बांधलेल्या वाहिनीची तुलना सरकारी पुलाशी कशी करता, असा आक्षेप येईल. तो घ्यावाच. कारण मग उत्तरही द्यावे लागेल की, खाणीचा पट्टा, वनजमीन आणि पोलीस संरक्षण ही कोणाची देणगी आहे.

नौकाविहाराचेही तसेच. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रासाठी बांधलेल्या इरई धरणाच्या पाण्यावर ताडोब्याच्या पर्यटकांसाठी नौकाविहाराची सोय झाली. नौकाविहार म्हटला की नौकेची तपासणी, जीवरक्षक जाकीट, बसणाऱ्यांची मर्यादा हे सारे ओघानेच येते, आणि यायलाच हवे. ताडोब्याच्या पर्यटनातून भोवतालच्या गावांतील वाटाड्यांना आणि चालकांना उत्पन्न मिळते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु जाकिटाची गरज तिकिटाच्या किमतीवरून ठरते, हे कोणत्या शास्त्रात बसते?

समाजवादी पर्यटनाचे वैरी आहेत, हा आरोप येथे अपेक्षितच आहे. ग्रेनाडाचे उदाहरण त्याला पुरेसे आहे. १९७९ साली सत्तेवर आलेल्या मॉरिस बिशप यांच्या सरकारने क्यूबाच्या मदतीने मोठा विमानतळ बांधावयास घेतला, तो पर्यटक यावेत म्हणूनच. रेगन सरकारने त्यात लष्करी तळ पाहिला. ऑक्टोबर १९८३ मध्ये बिशप यांची त्यांच्याच पक्षातील प्रतिस्पर्ध्यांच्या आज्ञेने हत्या झाली (डाव्यांनी ही गोष्ट लपवू नये) आणि पाठोपाठ अमेरिकेने आक्रमण केले. पुढच्याच वर्षी तोच विमानतळ पर्यटकांसाठी खुला झाला आणि २००९ पासून तो बिशप यांच्याच नावाने ओळखला जातो. पर्यटक यावेत याविषयी तेथे वाद नव्हताच. बेटाचा कारभार कोणासाठी चालावा, हा वाद होता.

वैनगंगेच्या घाटांचा कारभार एके काळी सरकारला महत्त्वाचा वाटत असे. १८७८ चा नौघाटांचा कायदा मध्य प्रांतालाही लागू होता. घाट सार्वजनिक म्हणून जाहीर करावा, उताराच्या हक्काचा लिलाव करावा, असा तो व्यवहार. परकीय सरकारला घाटात महसूल दिसला म्हणून त्याने घाटांची नोंद ठेवली. मोठ्या रस्त्यांवर पूल झाले, महसूल आटला आणि उरलेले लहान घाट ढिवरांच्या आणि मजुरांच्या नशिबावर सोडून देण्यात आले. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनयंत्राच्या नावांच्या नोंदणीची आणि सुरक्षिततेची कामे स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची वाट आहे. जिल्हा परिषदांनी ती चोखाळावी यासाठी आंदोलनाला जागा आहे. ढिवराला शिक्षा करणारी नोंदणी नको. त्याला चांगली नाव, जाकिटे आणि घाटाचे मानधन देणारी हवी. पुलाची मागणी अर्थातच सोडावयाची नाही, पण पूल होईपर्यंत उतार सरकारी जबाबदारीचा आणि मजुरांना विनामूल्य असला पाहिजे.

त्यासाठी आधी मोजणी लागेल. कोणत्या घाटावरून, कोणत्या महिन्यात, किती माणसे, कोणत्या कामाला आणि किती मजुरीवर जातात, याचा तक्ता दोन्ही जिल्ह्यांतील शाखांनी तयार करावा. त्याला कोणाच्या मंजुरीची आवश्यकता नाही. मिरचीच्या हंगामात पहाटे वही घेऊन घाटावर उभे राहिले की पुरे.