कॉफी किती आणि चिकोरी किती?

स्वारगेटच्या एस.टी. स्टँडवर उतरून साताऱ्या-कोल्हापूरकडचे पाहुणे सकाळीच घरी आले, की चहाचं आधण चढतंच. पण त्यातलेच एखादे काका "मला आपली कॉफी" म्हणतात आणि मग फळीवरच्या मागच्या डब्यासाठी तुमची शोधाशोध सुरू होते! आपल्याकडे कॉफीचा मान असा अधूनमधूनचाच. दूध-साखर सढळ हाताने घातली, वर जायफळ किसलं, की झालं. पण मैत्रिणींनो, कॉफीच्या पुड्यावरची बारीक अक्षरं तुम्ही कधी वाचलीत का?

वाण्याकडे हमखास मिळणारी ब्रू आणि ग्रीन लेबल ही मूळची ब्रूक बाँडची अपत्यं. १८६९ साली इंग्लंडात, मँचेस्टर शहरात, आर्थर ब्रूक नावाच्या तरुणाने चहाचं दुकान काढलं. बाँड नावाचा भागीदार कुणी नव्हताच बरं का! नावाला भारदस्तपणा यावा म्हणून जोडलेलं ते शेपूट. या कंपनीची खरी विद्या म्हणजे मिश्रण. निरनिराळ्या मळ्यांचा माल असा मिसळायचा, की प्रत्येक पुड्याची चव सारखी लागावी. १९०३ मध्ये तिचा रेड लेबल चहा आपल्याकडे आला, १९१२ मध्ये भारतातली कंपनी स्थापन झाली आणि १९६८ मध्ये ब्रू बाजारात आली. १९८४ मध्ये ब्रूक बाँड युनिलिव्हरकडे गेली. हिंदुस्थान लिव्हरमध्ये ती १९९६ मध्ये विलीन झाली. आता ती हिंदुस्थान युनिलिव्हर, कचेरी मुंबईतच.

मिश्रणाची ही विद्या कॉफीत आली ती चिकोरीच्या रूपाने. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ. ते वाळवून, भाजून दळतात. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्लंडच्या व्यापाराची कोंडी केली, तेव्हा फ्रान्समध्येच कॉफी मिळेना आणि लोक या मुळाकडे वळले. पुढे कॉफी आली, तरी चिकोरी गेली नाही. आपल्याकडे ती गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात पिकते. तिने रंग गडद येतो, दाटपणा येतो, थोडा गोडसर कडवटपणाही येतो. शिवाय ती कॉफीहून स्वस्त. कंपन्यांना ती प्रिय असण्याचं मुख्य कारण हेच, असं मला वाटतं.

यात फसवणूक नाही. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण वेष्टनावर छापलेलं हवं, असा नियमच आहे. फक्त ते वाचायचं आपण. समजा, २०० ग्रॅमच्या पुड्यात ३० टक्के चिकोरी आहे; म्हणजे कॉफी १४० ग्रॅमच. दोन पुड्यांच्या किमती ताडून पाहायच्या तर या हिशेबाने पाहा. "स्वस्त" पुडा पुष्कळदा महागच पडतो! निव्वळ कॉफी हवी तर तीही मिळते. ब्रू गोल्ड चिकोरीविना असते.

सुटी दळलेली पूड घेत असाल तर घरी पारख करा. काचेच्या पेल्यात थंड पाणी घ्या, वर चिमूटभर पूड भुरभुरवा. कॉफी बराच वेळ तरंगते; चिकोरी मात्र लगेच तळाशी जाते आणि जाताना पाण्यात तपकिरी रेघा सोडते. झटपट विरघळणाऱ्या कॉफीला ही परीक्षा लागू नाही, कारण ती मुळातच अर्क वाळवून केलेली असते.

चिकोरीला नावं मात्र ठेवू नका. तिच्यात कॅफिन नसतं, त्यामुळे संध्याकाळच्या कॉफीने ज्यांची झोप उडते, अशा सासूबाईंना जास्त चिकोरीची पूडच बरी. दुधाळ कॉफीत तिचा दाटपणाही छान लागतो.

पूड महिन्याला पुरेल इतकीच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून लांब ठेवा. जायफळ गॅस बंद केल्यावरच किसा, आणि तेही अगदी बेताने.