इंटरनेट आणि आपली मुले : पाळत नव्हे, सोबत हवी

इंटरनेटवरील अश्लील मजकुरापासून मुलांचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. २००१ साली एका तक्रारपत्राची दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने याच विषयावर एक समिती नेमली आणि जानेवारी २००२मध्ये तिचा अहवाल सादर झाला. त्या काळी मुले इंटरनेटसाठी सायबर कॅफेत जात. अल्पवयीन मुलांना आडोशाच्या खोपट्यात नव्हे, तर सर्वांना दिसेल अशा मोकळ्या जागेतील संगणकावरच बसू द्यावे, ही समितीची एक प्रमुख शिफारस होती. पुढे २०११च्या केंद्रीय नियमांनीही हेच सूत्र स्वीकारले. कॅफेतील आडभिंत साडेचार फुटांहून उंच नसावी आणि पालक सोबत नसताना मुलांना आडोशाला बसू देऊ नये, असे त्यांत सांगितले आहे.

योगायोग असा, की फेब्रुवारी २००२मध्येच व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क माध्यमविषयक परिषदेने इंटरनेटसंबंधी दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले. मुलांना देखरेखीविना इंटरनेटवर सोडू नये, जे पाहिले त्याविषयी आईवडिलांनी मुलांशी बोलावे आणि त्यांना विवेकी वापर शिकवावा, असा त्यांचा आशय होता. न्यायालयाची समिती आणि ख्रिस्तसभा या दोघांनाही धोका यंत्रापेक्षा एकांतात अधिक दिसला.

आज तो आडोसा कॅफेत राहिलेला नाही. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाईलवर भरू लागले आणि ज्या घरांत मुलांच्या हाती फोन देत नसत, तेथेही तो द्यावा लागला. शाळा उघडल्या, फोन मात्र परत आला नाही. पांघरुणाखालच्या पडद्याला साडेचार फुटांचा नियम कोण लावणार?

कायदे झाले आहेत. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे बनविणे व पसरविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली आणि २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा चित्रफिती पाहणे वा जवळ बाळगणे यांविषयीही कठोर भूमिका घेतली आणि त्यांना केवळ ‘अश्लील’ न म्हणता शोषणाचा पुरावा मानावे, असे सुचविले. अशा प्रत्येक चित्रामागे एक जिवंत, दुखावलेले मूल असते, हे त्यातून ठळक झाले. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती बंद केली. परंतु केवळ बंदीवर विसंबता येत नाही. २०१५ साली आपल्या सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला आणि काही दिवसांतच तो सौम्य करावा लागला.

महाराष्ट्रातील दोन गावांनी २०२२मध्ये आपापले मार्ग शोधले. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सातला भोंगा वाजू लागला. त्यानंतर दीड तास घरोघरी दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे. आम्हाला वडगावचा मार्ग अधिक जवळचा वाटतो, कारण तो नियम थोरांनाही लागू आहे. आपल्या घरांतील सायंप्रार्थना व जपमाळ यांची शिस्त याहून वेगळी कोठे होती? बाप फोनवर असताना मुलाने तो खाली ठेवावा, ही अपेक्षा फोल आहे.

आपल्या धर्मप्रांतात मात्र आणखी एक अडचण आहे. मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने बाहेर असतात. मुले आजी-आजोबांपाशी राहतात आणि आईचा आवाज ऐकण्याचे साधन एकच, मोबाईल. तो काढून घ्या, असे त्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगावे? आजीला अक्षरओळख नसेल, तर ती पडद्यावर लक्ष कसे ठेवणार? तेथे धर्मगुरू, धर्मभगिनी, वसतिगृहाचे अधीक्षक व धर्मशिक्षक यांनी घरच्या थोरांची जागा घेतली पाहिजे. धर्मशिक्षणाच्या वर्गात या विषयाचा उच्चार टाळणे म्हणजे मुलांना त्याबाबत परक्यांच्या हवाली करणे होय.

सर्वांत मोठा धोका मुलाच्या मौनात आहे. चुकून नको ते दिसले, कोणी अनोळखी व्यक्तीने छायाचित्र मागितले, मग धमकावले, तरी मूल गप्प राहते. मार बसेल, फोन जाईल, ही भीती त्याला असते आणि धमकावणारा नेमक्या याच भीतीवर जगतो. म्हणून प्रसंग येण्यापूर्वीच मुलाला सांगावे, ‘काहीही घडले तरी आधी आमच्याकडे ये, दोष तुझा नाही.’ अशा वेळी १०९८ ही बालसाहाय्य सेवा आणि सायबर गुन्ह्यांचे राष्ट्रीय तक्रार संकेतस्थळ उपलब्ध आहे. पुरावा पुसू नये. आणि इतरांना सावध करण्याच्या हेतूनेही ते चित्र पुढे पाठवू नये, कारण ते पसरविणे हाच गुन्हा आहे. प्रथम कम्युनियनची मुलांची छायाचित्रे सर्वत्र पाठविण्यापूर्वी धर्मग्रामांनीही पालकांना विचारावे.

लहानग्यांना अडखळण आणणाऱ्यांविषयी प्रभू येशूने काढलेले कठोर उद्गार मत्तयच्या शुभवर्तमानात आहेत. त्याच अध्यायात हरवलेल्या एका मेंढराच्या शोधात निघालेला मेंढपाळही आहे. आपल्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स यांना पोप अकरावे पायस यांनी १९२३ साली लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते ठरविले. लोकांनी मात्र त्यांना ओळखले ते सौम्यतेसाठी. मुलांच्या बाबतीत आज ती सौम्यता आपल्याला हवी आहे, कारण ज्या घरात मूल न भिता बोलते, त्या घरात धमकावणाऱ्याचे काही चालत नाही.