वाकळीभोवतीची बैठक आणि कर्जाची वही

श्रमिकांच्या आनंदाचा प्रश्न निघाला की राज्यकर्त्यांच्या भाषेला एकाएकी काटकसर आठवते. मजुरी, उत्पादन, कर्ज, परतफेड, बाजारपेठ हे शब्द त्यांच्या तोंडी अखंड असतात. परंतु चार माणसे एकत्र बसून हातांनी काही घडवतात तेव्हा त्यांना सुख होते, आणि त्या सुखावर त्यांचा अधिकार आहे, ही गोष्ट कोणत्याही योजनेच्या कागदावर सापडत नाही. शहरातील सुखवस्तू माणसाने शुल्क भरून कुंभारकामाच्या शिबिराला जावे, दोन तास मातीत हात घालावेत आणि त्याला मनाची विश्रांती म्हणावे, हे सर्वांना मान्य असते. तेच हात चांदूर बाजार तालुक्यातील शेतमजूर बाईने चालवले की त्याला ‘पूरक उत्पन्नाचे साधन’ असे नाव पडते. एकीचा तो छंद आणि दुसरीचा तो जोडधंदा! हा भेद निरागस नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातील या काळ्या जमिनीवर कपाशीची शेवटची वेचणी होते, पऱ्हाट्या उपटल्या जातात, आणि मग उन्हाळ्याचे ते मोकळे दिवस येतात की ज्या दिवसांत मजुरी नसते पण हात मात्र रिकामे राहू शकत नाहीत. वाकळी शिवायच्या त्या या दिवसांत. विटलेली लुगडी, फाटकी धोतरे, पोरांचे झबले, शिंप्याकडची कात्रणे यांचे थरावर थर अंथरले जातात. चार बाजूंनी चौघी बसतात आणि धावदोऱ्याचे टाके कडेकडून मध्याकडे सरकत जातात. एकीने टाका लांब घातला तर तो शेजारणीच्या ओळीत उमटतो, म्हणून प्रत्येकीला आपला हात दुसरीच्या हाताशी जुळवून घ्यावा लागतो. हे जुळवणे कोणी मुकादम शिकवत नाही. जिची नजर गेली आहे ती म्हातारी नुसते बोट फिरवून ओळ कुठे वाकडी गेली ते सांगते, आणि तिच्या शब्दाला तिथे जो मान असतो तो घरात दुसऱ्या कोणत्याच वेळी नसतो. आज हिच्या ओसरीवर, उद्या तिच्या. ही सावड कोणी मोजत नाही आणि कोणी विसरतही नाही.

या बैठकीत बोलले जाते त्याचे मोल तर निराळेच. निंदणाची मजुरी यंदा कोणत्या गावात किती दिली गेली, रेशनच्या दुकानात तांदूळ कमी का भरला, कोणाच्या नवऱ्याने दारू पिऊन सुनेसमक्ष सासूवर हात टाकला, हे सगळे टाक्यांबरोबर पुढे सरकते. सभेत बाईला बोलायचे धाडस होत नाही. वाकळीभोवती ते होते, कारण तिथे नजर कापडावर असते आणि कोणी कोणाकडे रोखून पाहत नाही. ग्रामसभा कायद्याने भरते. ही सभा कायद्यावाचून भरत आली आहे.

पुरुषांकडेही असे काम होते. अंबाडी भिजवून काढलेल्या वाखाचा दोर एकट्याने वळता येत नाही. एकाने पीळ द्यायचा, दुसऱ्याने वाख सोडत मागे मागे सरकायचे, आणि मग तीन पदर एकत्र येताना तिसऱ्याने ते सांभाळायचे. नायलॉनचा दोर आला, स्वस्त आला, टिकाऊ आला. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. दोराची जागा दोराने घेतली. दोर वळण्याच्या संध्याकाळची जागा मात्र कशानेच घेतली नाही, आणि ती रिकामी जागा पुढे कोणत्या दुकानाने भरली हे वऱ्हाडातल्या बायकांना विचारावे.

हे सर्व काळाच्या ओघात झाले, असे म्हणण्याची एक सोयीस्कर रीत आहे. वऱ्हाडाचा इतिहास तसे म्हणू देत नाही. १८५३ साली निजामाकडून हा प्रांत कंपनी सरकारने घेतला तो कापसावर डोळा ठेवून. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडचा कापूस-आयुक्त रिव्हेट-कार्नॅक याने आपल्या अहवालात मनातली गोष्ट लपवलीही नाही: स्वस्त विलायती कापड आले की इथले सूतकताई करणारे आणि विणकर शेताकडे वळतील आणि मँचेस्टरसाठी कच्चा माल वाढेल. तसेच घडले. कापूस पिकवणारी बाई राहिली, कातणारी गेली. कातणारी गेली तेव्हा तिच्या शेजारी बसून कातणारी दुसरीही गेली, आणि दोघींमधले बोलणेही गेले. इंग्रजांच्या अहवालात याची किंमत धरलेली नव्हती. आजच्या अहवालांत तरी कुठे धरली आहे?

‘उमेद’ अभियान महाराष्ट्रात २०११ पासून चालू आहे. गावोगावी बचत गट झाले, सावकाराचा फास काही ठिकाणी सैल झाला. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण गट कोणत्या कसोटीवर चांगला ठरतो ते पाहावे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, हिशेबाच्या वह्या: ही ती पंचसूत्री. दहा बायका एकत्र येतात त्या पैसे मोजायला. एकत्र काम करणे हे या पाच सूत्रांपैकी एकही सूत्र नाही! जिच्याबरोबर सावडीने वाकळ शिवली तिच्याच दाराशी हप्ता मागायला जायचे, अशी पाळी शेजारणीवर येते. वाकळीभोवतीच्या बैठकीला कर्जाच्या वहीभोवती बसवले गेले आणि त्यालाच सबलीकरण म्हटले गेले.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत. अलुतेदारांचा परंपरागत आकडाही अठराच, हा योगायोग मौजेचा आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये, आधी एक लाख आणि मग दोन लाखांचे कर्ज, पाच टक्के व्याज. अट अशी की कुटुंबातील एकाच व्यक्तीची नोंद होईल. वाकळ शिवणे हा त्या अठरांत व्यवसायच नाही. पण असता तरी एका घरातील सासू, सून आणि अविवाहित नणंद यांनी मिळून शिवलेल्या वाकळीचा कारागीर कोण ठरवायचा? सरकारला कारागीर हवा आहे तो एकटा, घराण्याचा धंदा चालवणारा आणि कर्जदार.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गावातील हस्तव्यवसायांत कसले सुख होते? बुरुडाचा बांबू, चांभाराचे चामडे, कुंभाराची माती, प्रत्येकाचे काम जन्माने ठरलेले आणि प्रत्येकाची पायरी ठरलेली. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये दाखवून दिले, त्याला उत्तर नाही. वाकळीभोवतीही आपापल्या वस्तीतल्याच बायका बसत. वाड्यावरची गोधडी पायलीभर ज्वारीवर दुसरीकडून शिवून घेतली जाई, आणि तिला ओसरीवर बसायला मिळेच असे नाही. म्हणून जुन्या गावाची आरती ओवाळण्याचे कारण नाही. पण या आक्षेपातून निघते ते उलटच. सक्तीच्या, जन्माने लादलेल्या कामात जो आनंद असू शकत नाही तो स्वेच्छेने आणि जातीची रेघ ओलांडून केलेल्या सहश्रमात असू शकतो. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी अंगावर चिंध्यांची गोधडी मिरवली आणि गावोगावी सगळ्या जातींच्या हातांत झाडू दिला. वऱ्हाडाला हा धडा परका नाही.

दुसरा आक्षेप यंत्राचा. सरकी पुन्हा हाताने काढा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. जिनिंगच्या यंत्राने बायकांचे बोटे सोलणारे काम संपवले हे बरेच झाले. विल्यम मॉरिस या इंग्रज समाजवाद्याने १८८४ साली उपयुक्त काम आणि निरुपयोगी कष्ट यांच्यातला फरक मांडला होता. कष्ट यंत्राने करावेत आणि काम माणसाने, हा त्या मांडणीतून निघणारा साधा हिशेब. भांडवलशाहीने उलटे केले: काम यंत्राला दिले आणि कष्ट बाईला ठेवले.

समाजवादी चळवळीनेही हा प्रश्न बराच काळ गांधीवाद्यांच्या अंगणात ढकलून दिला, हे सांगितले पाहिजे. कमलादेवी चट्टोपाध्याय याला अपवाद. १९३६ साली मेरठच्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदी असलेली ही बाई १९५२ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा वाहू लागली, तेव्हा ती राजकारणातून निवृत्त झाली असे अनेकांना वाटले. ती राजकारणच करीत होती. ते मंडळ आणि हातमाग मंडळ ही दोन्ही २०२०च्या जुलै-ऑगस्टमध्ये, टाळेबंदीने विणकरांची चूल विझली असताना, सरकारने बरखास्त केली. कारागिरांना दिल्लीत बोलण्यासाठी जी एक खुर्ची होती तीही उचलली गेली.

एकत्र काम जगू शकते, याचा दाखला फार दूर नाही. परतवाड्याहून घाट चढून मेळघाटात गेले की धारणी तालुक्यात लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभे केलेले संपूर्ण बांबू केंद्र लागते. कोरकू आणि इतर समाजांची माणसे तिथे एका छपराखाली बांबूच्या राख्यांपासून घरांपर्यंत वस्तू घडवायला शिकली. १९२७च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवले होते. वनहक्क कायद्याने २००६ साली त्याला गौण वनोपज मानले, आणि वनाबाहेरच्या बांबूची ‘झाड’पणातून सुटका व्हायला २०१७ साल उजाडले. कच्चा माल, जागा आणि सोबत, या तिन्ही गोष्टी हातांना लागतात. सरकार चौथी देते, कर्ज.

चांदूर बाजार तालुक्यात मागण्यासारख्या गोष्टी मोठ्या नाहीत. गटाला कर्जाआधी कामाची सामाईक जागा मिळावी. गटाने मिळून केलेल्या वस्तूची नोंद गटाच्याच नावाने व्हावी. शाळांची अंथरुणे आणि दवाखान्यांची पांघरुणे निविदा काढून दूरच्या गिरणीकडून घेण्याऐवजी तालुक्यातल्या हातांकडून घ्यावीत. आणि गावोगावची समाजमंदिरे, जी लग्नाच्या पंगतीला व मतदानाच्या दिवशी उघडतात आणि एरवी कुलपात असतात, ती चैत्र-वैशाखात बायकांना वाकळीसाठी मोकळी करावीत, सगळ्या वस्त्यांतल्या बायकांना. किल्ली कोणाकडे असते ते प्रत्येक गावाला ठाऊक आहे. ती मागायला अर्ज लागत नाही. दहाजणींनी मिळून दाराशी जाऊन उभे राहावे लागते.