घसरणारा मार्कर

मोबाइलवर गावाचं चित्रीकरण करून ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये त्यात एखादं विमान उतरवायचं, तर विमान जागेवर राहत नाही, घसरतं. दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो, चित्रीकरणाचा किंवा मार्करच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने माग घ्यायच्या खुणांच्या, निवडीचा असतो. आमच्या मोहोपाड्याच्या चित्रीकरणात मार्कर लावताना नजर आधी कर्नाळ्याच्या सुळक्याकडे जाते, कारण तो ठळक दिसतो. पण तो इतका लांब, की चार पावलं सरकलात तरी चौकटीत जेमतेम हलतो. कॅमेरा सरकला की नुसता वळला, हे त्यावरून कळत नाही. रसायनीहून आपट्याकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीशी बसा: रुळालगतचे खांब झपाट्याने मागे पळतात, डोंगर सोबत चालतो. कॅमेऱ्याच्या हालचालीचं गणित सुटतं ते जवळच्या-लांबच्या याच फरकावर. म्हणून जवळचे दगड, कुंपणाचे कोपरे हवेतच, आणि या गणितासाठी निवडलेल्या दोन्ही चौकटींवर, म्हणजे की-फ्रेमवर, निदान 8 मार्कर सामाईक हवेत. पाताळगंगेच्या पाण्यावर, चिमणीच्या धुरावर, हलत्या पानांवर एकही नको. मोबाइलचं डिजिटल स्टॅबिलायझेशन बंदच ठेवा. ते प्रत्येक चौकट वेगळी कापतं, मग लेन्सचा मध्य कुठला धरायचा? एवढं करूनही गणिताची सरासरी चूक 1 पिक्सेलच्या आत येत नसेल तर मार्करच्या हालचालीचा आलेख उघडा. बाकी रेघा एकत्र वाहत असताना एखादीच मध्येच उडी मारते. कितीही मेहनतीने लावलेला असो, त्या रेघेचा मार्कर काढून टाका आणि गणित पुन्हा सोडवा. 2011च्या डिसेंबरात 2.61 आवृत्तीपासून कॅमेरा-ट्रॅकिंगची ही सोय ब्लेंडरमध्ये फुकट आहे. गावातल्या पोरांनी ती पुरेपूर वापरावी, असं मला मनापासून वाटतं.